अल्टरनेटिव्ह रॉक नव्याने ऐकताय? कुठला अल्बम आधी, कुठला मागाहून

गेल्या चतुर्थीला आरत्या आटोपल्यावर माझ्या भाच्याने घुमट, म्हणजे आरतीत वाजवतात ते मातीचं वाद्य, भिंतीला टेकवून ठेवलं आणि विचारलं, "मावशे, तू ऐकतेस ती गाणी मला लागतच नाहीत. सुरुवात कुठून करू ते लिहून दे." त्याने दोनदा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा कुठल्याशा यादीतला पहिल्या क्रमांकाचा अल्बम लावला आणि तिसऱ्या गाण्याला बंद केला. त्याला लिहून दिलं तेच इथे जरा सविस्तर देते आहे.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. घरात भजन आणि नाट्यसंगीत, जत्रेला नाटक, असं लहानपण गेलं. ही गाणी कॉलेजात असताना कानावर आली. वाट दाखवणारं कोणी नव्हतं. उलटसुलट क्रमाने ऐकत गेले आणि काही फार चांगले अल्बम "हे आपलं नव्हे" म्हणून कित्येक वर्षं बाजूला ठेवले. तुमचं तसं होऊ नये. माझं सांगणं थोडक्यात असं: ही गाणी सुटी ऐकू नका, अख्खा अल्बम ऐका. आणि पहिला अल्बम यादी बघून निवडू नका, तुमच्या कानाला आधीपासून काय गोड लागतं ते बघून निवडा.

१. आधी नावाचा घोळ मिटवा

"अल्टरनेटिव्ह" म्हणजे पर्यायी. कशाला पर्यायी? १९८० च्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या रेडिओंवर जे चकचकीत रॉक वाजत होतं, त्याला. छोट्या कंपन्यांनी काढलेल्या रेकॉर्ड तिथे वाजत नसत, त्या कॉलेजांच्या रेडिओंवर वाजत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सचा आर.ई.एम. आणि बॉस्टनचा पिक्सीज हे तिथून वर आलेले बँड. १९९१ मध्ये ग्रॅमीने या प्रकारासाठी वेगळं पारितोषिक सुरू केलं. जानेवारी १९९२ मध्ये निर्वाणा या बँडच्या 'नेव्हरमाइंड'ने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला बिलबोर्ड या अमेरिकी खपाच्या यादीतल्या पहिल्या जागेवरून खाली आणलं. तिथून पुढे पर्याय हाच बाजार झाला.

हे सांगायचं कारण एवढंच की या नावाखाली एकच एक आवाज शोधू नका. कुजबुजत गायलेलं गाणंही यात येतं आणि कानठळ्या बसवणारंही. एक आवडलं नाही म्हणून सगळं नावडतं ठरत नाही.

२. जवळ काय काय हवं

- वायरचे साधे, कानाला घट्ट बसणारे इअरफोन. महागडे नकोत, पण फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बास गिटार त्यावर जवळजवळ ऐकूच येत नाही आणि या संगीताचा अर्धा जीव तिथे असतो.
- अल्बम आधीच उतरवून घेतलेला. कुंडईच्या चढावर रेंज गेली की गाणं तुटतं आणि अल्बमची लयही तुटते.
- ॲपमध्ये शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता त्यावर दुसरं चढवणारी सोय) बंद, अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काही वाजवण्याची सोय बंद. दोन गाण्यांमध्ये खंड पडू न देणारी सेटिंग मात्र चालू. काही ॲपच्या मोफत खात्यात गाणी क्रमाने लागत नाहीत. तसं होत असेल तर सीडी किंवा विकत घेतलेल्या फाइल बऱ्या.
- एक वही. आवडलेल्या गाण्याचं नाव नाही, आवडलेली जागा लिहायची: "चौथं गाणं, दुसऱ्या कडव्यानंतर ड्रम थांबतात ते."
- पाऊण तास ते एक तास, मधे कोणी हाक मारणार नाही असा.

शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड वाटते, पण आपल्याकडे ती बसमध्ये मिळते. फोंडा ते पणजी कदंबाने जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढीच बहुतेक अल्बमची लांबी असते. मी अर्धे अल्बम याच रस्त्यावर ऐकले आहेत. फर्मागुढीला पहिलं गाणं संपतं, बाणस्तारीच्या पुलावर मधला भाग येतो, रायबंदरच्या बांधावर खाडीचं पाणी दिसू लागलं की शेवटची दोन गाणी. आता त्या पुलावरून जाताना काही लावलेलं नसलं तरी 'ओके कॉम्प्युटर'चा मधला भाग कानात येतो.

३. पहिला अल्बम: तीन दारं

तुम्ही घरात काय ऐकत मोठे झालात त्यावरून यांतलं एक दार निवडा. तिन्ही एकदम उघडू नका.

*गळा आवडत असेल तर: जेफ बकलीचा 'ग्रेस', १९९४.* नाट्यसंगीत, कव्वाली, ख्याल ऐकणाऱ्या माणसाला मी डोळे मिटून हाच देते. पहिल्याच गाण्यात शब्द यायच्या आधी तो नुसत्या स्वरावर गळा फिरवतो, आणि आलाप ऐकलेल्या कानाला तो काय करतो आहे ते लगेच समजतं. बकली नुसरत फतेह अली खाँसाहेबांचा भक्त होता. न्यूयॉर्कच्या एका छोट्या कॅफेत त्याने त्यांची कव्वाली गायली, पुढे एका नियतकालिकासाठी त्यांची मुलाखतही घेतली. दहा गाण्यांतली तीन दुसऱ्यांची आहेत, त्यांतलं एक लेनर्ड कोहेनचं. शेवटच्या गाण्यात तबला आहे. इअरफोन लावून ऐका, तो मागून हळूच येतो. या माणसाचा हयातीत पूर्ण झालेला स्टुडिओ अल्बम हा एवढाच. मे १९९७ मध्ये मेम्फिसला नदीत पोहताना तो बुडाला, तेव्हा तीस वर्षांचा होता. त्याच्या नावावर नंतर बरंच काही निघालं आहे. सुरुवातीला त्याकडे वळू नका. 'ग्रेस' पाठ होऊ द्या.

*ठेका आवडत असेल तर: पिक्सीजचा 'डूलिटल', १९८९.* आपल्या घुमट आरतीचं आठवा. घुमट, शामेळ हे तालवाद्य आणि कासाळे या झांजा. आधी सावकाश, एकजण गातो, बाकीचे ताल धरतात, आणि एका क्षणी सगळे मिळून असे चढतात की ओटीवरची समई थरथरते. पिक्सीजचं तंत्र याच जातीचं आहे: कडवं हळू, फक्त बास आणि ड्रम, आणि ध्रुपदाला सगळं अंगावर. निर्वाणाच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात आपण पिक्सीजचीच नक्कल करत होतो, हे निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनने स्वतः कबूल केलं होतं. पंधरा गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत. एवढ्यात काय होतं, असं वाटेल. आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, ती जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावत असे, आणि त्या तेवढ्यात सगळं सांगून मोकळ्या होतात. लांबीवरून गाण्याची किंमत करू नये हे मी त्या तबकडीवरून शिकले.

*शब्द आणि चाल आवडत असेल तर: आर.ई.एम.चा 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल', १९९२.* भावगीतं आवडणाऱ्यांसाठी. मरण, म्हातारपण, हरवलेले मित्र असे विषय आणि तरीही ऐकून मन जड होत नाही. काही गाण्यांतल्या व्हायोलिनांची रचना लेड झेपेलिन या जुन्या रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्सने केली आहे. नाव मोठं गूढ वाटतं, पण ते अथेन्समधल्या एका खानावळीचं घोषवाक्य आहे. यातलं शेवटून दुसरं गाणं जवळजवळ नुसत्या पियानोवर आहे. रात्री पोहायला गेलेल्या मित्रांची आठवण आहे ती. लहानपणी गावच्या तळीवर रात्री उतरलेल्या कोणालाही ते आपलं वाटेल.

४. एकच अल्बम, तीन वेळा

पहिल्यांदा शब्दांच्या मागे लागू नका. पुष्कळ गायक शब्द मुद्दाम खातात. आर.ई.एम.च्या सुरुवातीच्या अल्बममध्ये तर इंग्रजी बोलणाऱ्यांनाही काय म्हणतोय ते कळत नाही. आवाजाकडे वाद्य म्हणून बघा.

दुसऱ्यांदा, दोन-चार दिवसांनी, शब्द समोर घेऊन.

तिसऱ्यांदा एकच वाद्य पकडा आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत त्याचाच पाठलाग करा. भजनात आपण कधी नुसत्या पखवाजाकडे कान लावून बसतो ना, तसं. बासपासून सुरुवात करा. मी 'डूलिटल'मध्ये पिक्सीजच्या किम डीलचा बास असा धरला होता. तोवर मला ती गाणी गिटारची वाटत होती. ती बासवर उभी आहेत.

तीन वेळा ऐकूनही काही लागलं नाही तर खुशाल सोडा, पुढच्या दाराकडे जा. जबरदस्तीने ऐकू नका. पण एकदाच ऐकून निकाल देऊ नका.

५. सिएटलची मंडळी

पहिलं दार उघडलं की मग इकडे, अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या बँडकडे या. 'नेव्हरमाइंड'ने सुरुवात करा असं सगळे सांगतात, मी दुसरा किंवा तिसरा म्हणून सांगते. त्यातलं पहिलं गाणं तुम्ही जाहिरातींत, बारमध्ये, कुठे ना कुठे इतक्यांदा ऐकलेलं असतं की बाकीचा अल्बम त्याच्या सावलीत जातो. आधी पिक्सीज ऐकलेला असला की निर्वाणाने काय घेतलं आणि काय स्वतःचं घातलं ते दिसतं. डेव्ह ग्रोलचे ड्रम ही घातलेली गोष्ट.

सापळा: 'नेव्हरमाइंड' संपल्यावर सुमारे दहा मिनिटं शांतता असते आणि मग अचानक एक आरडाओरड्याचं गाणं सुरू होतं. रात्री इअरफोन लावून झोपलात तर दचकून उठाल. फाइलमध्ये बिघाड नाही, ते मुद्दाम लपवलेलं आहे.

त्यानंतर 'इन यूटेरो', १९९३. तो खरखरीत आहे, आणि मला तो 'नेव्हरमाइंड'पेक्षा जवळचा वाटतो. मग निर्वाणाचाच न्यूयॉर्कमधला अनप्लग्ड, म्हणजे मुख्यतः बिनविजेच्या वाद्यांवरचा, कार्यक्रम. हाच क्रम ठेवा. तो कार्यक्रम नोव्हेंबर १९९३ मध्ये झाला आणि एप्रिल १९९४ मध्ये कोबेन गेला, वय २७. आधीचे दोन ऐकून मग तो ऐकलात तर इतका आवाज करणारा माणूस आवाज काढून घेतल्यावर किती उघडा पडतो ते जाणवतं.

पर्ल जॅमचा 'टेन' १९९१ चा. इथे दुसरा सापळा आहे: २००९ मध्ये याचं नव्याने केलेलं मिश्रणही निघालं. मूळ अल्बममध्ये आवाज घुमतो, देवळाच्या सभामंडपात गायल्यासारखा. नव्यात ती घुमार कमी केली आहे, वाद्यं जवळ आली आहेत. अनेकांना नवा आवडतो. मी मूळच्या बाजूची आहे, कारण त्या गायकाचा गळा मोकळ्या जागेसाठीच आहे. निदान आपण कोणता ऐकतो आहोत ते बघून घ्या.

साउंडगार्डनचा 'सुपरअननोन' (१९९४) आणि ॲलिस इन चेन्सचा 'डर्ट' (१९९२) हे जड आहेत. 'डर्ट'मध्ये दोन गायक मिळून असे सूर लावतात की ते एकमेकांना घासून जातात. त्यात फार सौंदर्य आहे. पण तो अल्बम नशेबद्दल आहे आणि ज्याने तो गायला तो लेन स्टेली २००२ मध्ये त्याच नशेने गेला. मनाने खचलेले असाल त्या दिवसांत हा एकट्याने ऐकू नका, हे मी कळकळीने सांगते. या लोकांच्या मरणामुळे त्यांचं गाणं मोठं झालं, असं मानणारेही भेटतील. त्यांचं ऐकू नका. ही माणसं जगली असती तर अजून किती गायली असती, मला तेच वाटत राहतं.

६. रेडिओहेडचा जिना

हा एकच चमू असा आहे की ज्याचे अल्बम क्रमाने चढत गेलात तर तुमचा कान तयार होतो. मधली पायरी गाळली की पडाल. माझा भाचा 'किड ए' थेट लावून बसला आणि तिथेच अडला.

'द बेंड्स' (१९९५) ही पहिली पायरी. साधी गाणी, उघड भावना, गिटारी. मग 'ओके कॉम्प्युटर' (१९९७). याचा बराच भाग त्यांनी इंग्लंडमध्ये बाथजवळच्या एका जुन्या वाड्यात ध्वनिमुद्रित केला. चौथं गाणं नीट ऐका: गायक थॉम यॉर्कचा आवाज दगडी जिन्यात मुद्रित केलेला आहे आणि त्याच्याभोवती जी थंड पोकळी ऐकू येते ती यंत्राने घातलेली नाही, त्या जिन्याची आहे. जुने गोव्याच्या एखाद्या रिकाम्या चर्चमध्ये टाळी वाजवून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

तिसरी पायरी 'किड ए' (२०००). गिटारी जवळजवळ गेल्या, यंत्रं आली. यातलं एकही गाणं त्यांनी सुटं काढलं नाही, अल्बम म्हणूनच विकला. पहिल्या गाण्यात तुटक्या तुटक्या आवाजात कोणीतरी बोलत राहतं. त्याचा अर्थ लावत बसू नका, पाऊस ऐकतो तसं ऐका. आणि थकलात तर 'इन रेनबोज' (२००७). हा त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर "तुम्हाला वाटेल ते पैसे द्या" म्हणून ठेवला होता. सगळ्यांत प्रेमळ अल्बम हाच.

७. 'लव्हलेस' कधी आणि कसा

माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस' (१९९१) सगळ्या याद्यांत वर असतो, म्हणून नवखे लोक तो लगेच लावतात आणि टेप ताणली गेली आहे असं समजून बंद करतात. मीही पहिल्यांदा डेकचा पट्टा सैल झाला म्हणून डेक दुरुस्तीला नेला होता. डेकमध्ये काहीच बिघाड नव्हता.

होतं असं. या बँडचा केविन शील्ड्स गिटार छेडताना तिचा ट्रेमोलो दांडा हातातच धरून ठेवतो, त्यामुळे तारांचा ताण सतत थोडा कमी-जास्त होतो आणि सूर एका जागी थांबत नाही, डुलतो. आपल्याकडे मींड घेतात तसंच, पण एका स्वराऐवजी अख्खी वाद्यांची भिंत मींड घेते. बाईचा आवाज त्या भिंतीच्या पुढे नाही, आत आहे. म्हणून शब्द शोधायचे नाहीत.

हा इअरफोनवर नको. घरातल्या मोठ्या स्पीकरवर, जरा मोठ्याने, आषाढातल्या दुपारी, मंगळुरी कौलांवर पाऊस कोसळत असताना लावा. पावसाचा आवाज आणि गिटारचा आवाज कुठे मिसळतात ते ओळखता येत नाही. मागच्या जुलैत भाच्याला असाच ऐकवला. अर्ध्यावर वीज गेली. तो काही वेळ तसाच बसून राहिला. वीज आल्यावर म्हणाला, "मावशे, पयलेसून लाय."

८. बायकांना यादीच्या तळाशी ठेवू नका

बहुतेक याद्या पुरुषांनी भरलेल्या असतात. पीजे हार्वी या गायिकेला ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक दोनदा मिळालं आहे, २००१ आणि २०११ मध्ये. दोनदा मिळवणारी ती पहिली. 'टू ब्रिंग यू माय लव्ह' (१९९५) ने सुरुवात करा. तिचा आवाज त्यात जमिनीतून आल्यासारखा येतो. मग 'लेट इंग्लंड शेक' (२०११), महायुद्धात मेलेल्या पोरांबद्दल. तो तिने डॉर्सेटमधल्या एका चर्चमध्ये मुद्रित केला. 'रिड ऑफ मी' (१९९३) मागाहून. त्यात आवाज इतका खाली जातो की तुम्ही बटण वर करता आणि पुढच्या क्षणी कान फाटतात. बटणाला हात लावू नका. किम डीलच्या ब्रीडर्सचा 'लास्ट स्प्लॅश' (१९९३) मात्र कधीही लावा, स्वयंपाक करतानाही.

९. मोठ्या अल्बमचं काय करायचं

स्मॅशिंग पम्पकिन्सचा १९९५ चा दुहेरी अल्बम 'मेलन कॉली अँड द इन्फिनिट सॅडनेस' २८ गाण्यांचा, दोन तासांचा. एका बैठकीत तो झेपत नाही. त्यांनीच दोन भागांना नावं दिली आहेत, पहिला पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंतचा आणि दुसरा तिन्हीसांजेपासून चांदण्यांपर्यंतचा. रागांच्या वेळा पाळणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पहिला भाग सकाळी, दुसरा दिवेलागणीला ऐका. त्याआधी 'सायमीज ड्रीम' (१९९३) मात्र ऐकलेला असू द्या.

सापळा: 'डिलक्स' आवृत्त्या. मूळ अल्बम संपला की त्याच यादीत वीसेक कच्ची गाणी जोडलेली असतात आणि शेवटच्या गाण्यानंतर जी शांतता मिळायला हवी ती मिळत नाही. मूळ गाण्यांची संख्या आधी बघून ठेवा आणि तिथे थांबा.

१०. विकत घेऊन ठेवायचं असेल तर

जुन्या कॅसेट, सीडी, रेकॉर्ड घेणार असाल तर गोव्याचा दमटपणा ध्यानात ठेवून घ्या. कॅसेटच्या खिडकीतून रीळ उजेडात धरून बघा. कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. अशी एक कॅसेट मी एका विक्रेत्याच्या शब्दावर घेतली, लावली, आणि डेकचं हेड माखलं. पुढच्या तीन चांगल्या कॅसेट त्याच हेडवर वाजवल्या. बुरशी त्यांनाही लागली. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसायचं, पाण्याने नव्हे. रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला चिकटवून नको. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि मृग लागायच्या आधी एकदा, चतुर्थीच्या साफसफाईत एकदा अशा बदला. आतलं कागदी पाकीट ओलसर लागलं तर ते फेकून नवं घाला, पण बाहेरचं चित्राचं पाकीट उन्हात ठेवू नका, रंग उडतो. पंख्याखाली दोन दिवस पुरे.